आत पेंढा नसतोच: मूज, गवा नाहीतर हत्तीएवढा प्राणी भिंतीवर येतो कसा

माझा मावसभाऊ कॅनडात, अल्बर्टामध्ये राहतो. मागच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला की शेजारचे एक म्हातारे काका घर विकून छोट्या फ्लॅटमध्ये चाललेत, त्यांच्या हॉलमध्ये मूजचं, म्हणजे तिकडच्या थोराड हरणाचं, भलंमोठं मुंडकं आहे, ते उतरवायला उद्या मदतीला बोलावलंय, आणि तू बीएस्सीला कॉलेजच्या म्युझियममध्ये असल्या प्राण्यांत रमायचास म्हणून विचारतो, आत पेंढाच असतो ना, म्हणजे हलकं असेल, आम्ही दोघं उचलू. मी म्हटलं, थांब, हात लावू नकोस, आधी ऐक.

त्याला फोनवर तासभर जे सांगितलं ते जरा नीट करून इथे लिहितोय, कारण हा पेंढ्याचा गैरसमज आपल्याकडे जवळपास सगळ्यांचा आहे आणि त्यात भाषेचाच हात आहे. आपण म्हणतोच "पेंढा भरलेला वाघ". कोल्हापूरला न्यू पॅलेसचं म्युझियम बघायला शाळेची सहल गेली की बाई हेच सांगतात, आमच्याही बाईंनी सांगितलं होतं, आणि मी कितीतरी वर्षं समजत होतो की वाघाचं पोट फाडून उशीत कापूस भरावा तसं गवत कोंबलेलं असतं.

तसं खरंच व्हायचं, पण ते फार पूर्वी. कातडं पोत्यासारखं शिवायचं, उलटं टांगायचं आणि त्यात गवत, चिंध्या, भुसा ठासत जायचं. पक्षी, ससे वगैरे एवढ्यावर कसेबसे निभावायचे, पण प्राणी मोठा झाला की सगळं बेडौल दिसायचं, कारण पोत्यात काहीही भरलं तरी ते पोतंच होतं, त्याला खांद्याचं हाड नाही, मानेचा स्नायू नाही, बरगडीचा उठाव नाही.

आता जे करतात त्याला टॅक्सिडर्मी म्हणतात. ग्रीक शब्दांतून आलाय, अर्थ साधारण "कातड्याची मांडणी". म्हणजे भरणं नाहीच. आधी प्राण्याचं शिल्प करायचं आणि मग त्याला त्याचंच कातडं घालायचं. शिंगं खरी असतात, केस खरे, कातडं खरं, बाकी सगळं माणसाने केलेलं. मांस, मेंदू, डोळे, जीभ यातलं काहीही आत नसतं, आणि डोक्यासोबत शिंगं हवी असतील तर शिंगांच्या बुडाचा कवटीचा तेवढाच तुकडा कापून ठेवतात.

हा बदल मोठ्या प्राण्यांनीच घडवून आणला आणि त्यात जंबो नावाच्या हत्तीचा किस्सा सांगितलाच पाहिजे. जंबो आफ्रिकन हत्ती, लंडनच्या झूमधून अमेरिकेतल्या पी. टी. बार्नमने सर्कशीसाठी १८८२ मध्ये विकत घेतला, आणि १५ सप्टेंबर १८८५ ला कॅनडात ऑन्टॅरिओमधल्या सेंट थॉमस गावात रेल्वेच्या धडकेत तो मेला. बार्नमने त्याचं कातडं आणि सांगाडा दोन्ही वेगवेगळे उभे करायचं काम रॉचेस्टरच्या हेन्री वॉर्डच्या कारखान्याला दिलं. एकट्या कातड्याचं वजन सातशे किलोच्या आसपास होतं! आता यात गवत भरून काय होणार? त्यांनी आत लाकडाचा, सुतारकामाचा पूर्ण हत्ती उभा केला आणि त्यावर कातडं खिळ्यांनी ठोकलं. तो जंबो पुढे बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात होता आणि १९७५ मध्ये तिथल्या इमारतीला आग लागली त्यात जळाला.

त्या कारखान्यात कार्ल एकली नावाचा विशीतला मुलगा काम करत होता. पुढे शिकागोत आणि मग न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीमध्ये त्याने जी पद्धत नीट बसवली त्यावरच आजचं सगळं उभं आहे. ही पद्धत आपल्याला समजायला एकदम सोपी आहे कारण पेणला गणपती कसे होतात ते आपण बघितलेलं असतं. प्राण्याची हाडं आणि लोखंडी सळ्या यांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर मातीने एकेक स्नायू, शीर, सुरकुती कोरायची, मग त्यावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा, आणि त्या साच्यातून कागदाचा लगदा आणि जाळी वापरून हलका पोकळ पुतळा काढायचा. माती टाकून दिली, राहिला पुतळा, त्याच्यावर कातडं चढवलं. न्यूयॉर्कला त्याच्या नावाच्या दालनात आठ आफ्रिकन हत्तींचा कळप मधोमध उभा आहे. दालन १९३६ मध्ये उघडलं, पण एकली स्वतः १९२६ मध्येच काँगोच्या डोंगरात वारला होता, त्याने ते पूर्ण झालेलं बघितलंच नाही.

आपल्याकडे म्हैसूरला व्हॅन इंगेन म्हणून कुटुंबाची फर्म होती, साधारण १९०० पासून ते १९९९ पर्यंत. संस्थानिकांचे आणि इंग्रज साहेबांचे वाघ तिथे जायचे. तिथेही वेगवेगळ्या मापांचे साचे होते आणि त्यातून कागदाच्या लगद्याचे वाघ निघायचे. चाळीस हजारांहून जास्त वाघ-बिबटे एका फर्ममधून गेले असा अंदाज सांगतात. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारागिरी अप्रतिम, वाघाच्या चेहऱ्यावरचा भाव बघून अंगावर काटा येतो, आणि तरी चाळीस हजार. दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवायला लागतात.

असो, मूजकडे येऊ. मूज म्हणजे हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी, खांद्याशी सहज माणसाएवढा उंच, मोठ्या नराचं वजन पाच-सहाशे किलो. तिकडे परवाना काढून शिकार करतात, मांस फ्रीझरमध्ये वर्षभर पुरवतात, आणि काहीजण मुंडकं ठेवतात. घरात बहुतेक वेळा अख्खा प्राणी नसतो, असतो तो खांद्यापासून वरचा भाग, त्याला शोल्डर माउंट म्हणतात. अख्खी मूज, अख्खा बायसन, अख्खं मोठं अस्वल ठेवणारेही आहेत, पण त्यासाठी घरच तसं लागतं. जिराफ साडेपाच मीटरपर्यंत जातो, तिकडच्या साध्या घराची छताची उंची अडीच मीटरच्या आतबाहेर, म्हणून जिराफाची नुसती मान आणि खांदे जमिनीवरच्या स्टँडला उभे केलेले दिसतात आणि तेसुद्धा दुमजली हॉलमध्येच.

खरा खेळ सुरू होतो प्राणी मेल्याच्या पहिल्या काही तासांत. मोठ्या धुडात उष्णता फार वेळ कोंडून राहते, जाड कातड्याखाली बॅक्टेरियांना ऊबदार घरच मिळतं, आणि ते कातड्याच्या वरच्या पापुद्र्यापर्यंत पोचले की केसांची मुळं सैल होतात. वरून काही दिसत नाही, पण महिन्याभराने कातडं धुतलं की केसांचे पुंजके हातात येतात, आणि एकदा ते झालं की जगातला कुठलाही कारागीर ते परत बसवू शकत नाही. म्हणून कातडं लवकर सोडवायचं, गार करायचं आणि मिठात घालायचं. मीठ किती, तर ढोबळ हिशोब कातड्याच्या वजनाएवढं, म्हणजे मोठ्या प्राण्याला अक्षरशः गोण्यांनी. लोणच्याच्या कैऱ्यांना मीठ लावल्यावर पाणी सुटतं ना तेच इथे होतं, दुसऱ्या दिवशी ते ओलं मीठ झटकून परत कोरडं लावायचं. आणि कान आतून उलटे करायचे, ओठ, पापण्या, नाकपुड्या आतल्या बाजूने चिरून उघडायच्या, नाहीतर तिथे मीठ पोचतच नाही आणि सडायला सुरुवात बरोब्बर तिथूनच होते.

अजून एक, कातडं सोडवायच्या आधी मापं घ्यायची असतात. डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंत किती, कानामागे मानेचा घेर किती. शिंप्याला माप दिल्याशिवाय झब्बा बसत नाही तसंच आहे हे, फरक एवढाच की इथे कापड आधीच ठरलेलं असतं आणि अंग त्याच्या मापाचं करायचं असतं. नवखे लोक सगळ्यात मोठी चूक करतात ती म्हणजे कातडं आखूड कापतात, मानेपाशीच, आणि मग खांदे झाकायला काही उरत नाही. पुढच्या पायांच्या मागून कापायचं असतं.

मग कातडं कमावणं. आता कोल्हापुरी चप्पल घालणाऱ्या माणसाला कातडं कमावणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, पण इथे एक मोठी अडचण आहे. चपलेच्या कातड्याचे केस चुन्यात घालून मुद्दाम काढून टाकतात, इथे एकही केस जाता कामा नये. म्हणून चुना नाही, त्याऐवजी मीठ आणि ॲसिडच्या पाण्यात कातडं भिजवतात, त्याने ते फुगतं आणि मग आतल्या बाजूने धारदार पात्याने किंवा मशीनवर तासायचं.

मोठ्या प्राण्यांत सगळ्यात जास्त घाम इथे गळतो. हत्तीचं कातडं ठिकठिकाणी अडीच सेंटीमीटरपर्यंत जाड असतं, आणि तेवढं जाड कातडं तसंच चढवलं तर दोन गोष्टी होतात: एक, ते वाकतच नाही, त्यामुळे तुम्ही आत कितीही बारीक कोरलेला स्नायू बाहेर दिसत नाही, आणि दोन, वाळताना ते आक्रसतं आणि त्या आक्रसण्यात प्रचंड जोर असतो. टाके उसवतात, खोलगट भागातून कातडं सुटून ढोलकीच्या पुडीसारखं ताणलं जातं, डोळ्याच्या कडा मागे खेचल्या जाऊन प्राणी घाबरल्यासारखा दिसायला लागतो. म्हणून आतून तासत तासत पातळ करायचं, पण केसाळ प्राण्यात एका मर्यादेपलीकडे तासलं तर केसाची मुळंच कापली जातात. दोन्हीकडून धोका, आणि हे ठरवायचं फक्त बोटांनी चाचपून. मूजच्या मानेचं एक कातडं तासायला पूर्ण दिवस लागू शकतो. तासून झालं की परत ॲसिड, मग कमावायचं रसायन, मग तेल. हे सगळं, वाळवणं आणि मागे लागलेली गिऱ्हाइकांची रांग धरून, काम हातात यायला वर्ष सहज जातं, आणि लोक उशीर झाला म्हणून वैतागतात तेव्हा मला त्या कारागिराची बाजू घ्यावीशी वाटते.

आतला पुतळा आता बहुतेकदा पॉलीयुरेथेन फोमचा, म्हणजे फ्रीजच्या भिंतीत असतो त्या जातीचा पिवळसर कडक फोम. मूज, एल्क (तिकडचं आणखी एक मोठं हरीण), बायसन, आफ्रिकन म्हैस अशांचे तयार फोम वेगवेगळ्या मापांत आणि मान वळवलेल्या, झुकवलेल्या पोझमध्ये विकत मिळतात, मग कानशीने घासून, कुठे माती चढवून तो त्या एका जनावराच्या मापाला आणायचा. हत्तीला तयार फोम घेऊन भागत नाही, तिथे शिल्पकारच लागतो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये मधल्या घुमटाखाली अंगोलामधला एक हत्ती उभा आहे, खांद्याशी जवळजवळ चार मीटर, १९५५ मध्ये मारलेला आणि १९५९ मध्ये लोकांसमोर आलेला. मधली वर्षं कशात गेली हे आता लक्षात येईल.

शिंगांचं वेगळं शास्त्र आहे. मराठीत आपण सगळ्यालाच शिंग म्हणतो पण प्रकार दोन. सांबर, चितळ, मूज यांची शिंगं म्हणजे भरीव हाड, दरवर्षी गळून नवी येतात, ती तशीच बसवता येतात. गवा, म्हैस, काळवीट यांची शिंगं म्हणजे आत हाडाचा खुंटा आणि त्यावर नखासारखं टोपण, आयुष्यभर तेच. ते टोपण भिजवून किंवा उकळवून वेगळं काढावं लागतं, आतला खुंटा साफ करावा लागतो आणि मग परत बसवावं लागतं. हे केलं नाही तर आत राहिलेलं सडतं, वास येतो आणि किडे होतात.

कानात प्लास्टिकचे साचे किंवा गाडीच्या डेंटिंगला वापरतात ती पुट्टी, कारण कानाची कूर्चा काढून टाकलेली असते, ठेवली तर वाळून सुरकुतते. डोळे काचेचे. आणि माझ्या मते सगळी टॅक्सिडर्मी डोळ्यांपाशी जिंकते किंवा हरते. चरणाऱ्या प्राण्यांची बाहुली आडवी लांबट असते, वाघाची गोल. डोळे बसवताना ती आडवी रेष क्षितिजाला समांतर पाहिजे, डोकं वर असो की खाली, कारण जिवंत हरिण मान खाली घालून चरतानासुद्धा डोळा फिरवून ती रेष जमिनीला समांतर ठेवतं. जरा तिरकी बसली की प्राणी मेलेला वाटतो, आणि का वाटतो ते बघणाऱ्याला सांगता येत नाही.

मग गोंद लावून कातडं चढवायचं, मानेच्या मागून शिवायचं, जिथे जिथे खोलगट भाग आहे तिथे टाचण्या मारून ठेवायचं, आणि वाळेपर्यंत रोज बघायचं. मोठ्याला कित्येक आठवडे लागतात. वाळलं की नाक, पापण्या, ओठ यांचा रंग उडालेला असतो म्हणून तिथे रंगकाम, नाकावर थोडी चकाकी, कारण जिवंत प्राण्याचं नाक ओलं असतं.

आता भाऊ जिथे अडकला होता ती भिंत. फोम हलका, हे खरं. पण मूजची शिंगंच वीस-पंचवीस किलोच्या घरात जाऊ शकतात, दीड-पावणेदोन मीटर पसरलेली, वर लाकडी पाठ, कातडं, आणि हे सगळं भिंतीपासून जवळजवळ मीटरभर पुढे आलेलं. म्हणजे वजन नुसतं खाली ओढत नाही, वरच्या बाजूने भिंतीतून उपटायलाही बघतं. बादली हाताशी धरून उभं राहा आणि मग तीच बादली हात लांब करून धरा, फरक लगेच खांद्याला कळेल. आणि तिकडच्या भिंती विटांच्या नसतात. आत साधारण चाळीस सेंटीमीटरवर उभे लाकडी खांब, त्यांना स्टड म्हणतात, आणि त्यावर जिप्समचा पातळ बोर्ड. नुसत्या बोर्डात खिळा मारला तर तो टिकणार नाही, स्टड शोधून त्यात जाड बोल्ट गेला पाहिजे, शक्यतो दोन स्टडवर आडवी लाकडी पट्टी मारून तिच्यावर अडकवलेलं. हत्तीचं मुंडकं असेल तर भिंतीच्या आत वेगळा आधारच बांधावा लागतो.

फायरप्लेसच्या वर मुंडकं ही सिनेमातली फेमस जागा आहे आणि सगळ्यात वाईट जागा आहे. उष्णतेने कातडं अजून वाळतं, आक्रसतं, ओठांपाशी आणि टाक्यांपाशी तडे जातात, धुराची काजळी केसांत बसते. ऊन पडलं की रंग उडतो. दमट जागा असेल तर बुरशी. केस आणि कातडं खाणारे बारीक भुंगे आणि कपड्यातली कसर हे कायमचे शत्रू, खाली बारीक भुसा किंवा गळलेले केस दिसले की समजायचं आत कोणीतरी आहे. साफ करताना मऊ ब्रशने केसांच्याच दिशेने, ओलं फडकं फक्त डोळ्यांना.

जुन्या माउंटच्या बाबतीत मात्र हे ब्रश वगैरे विसरा, आणि हा भाग ज्यांच्या वाड्यात आजोबा-पणजोबांच्या काळातलं गव्याचं किंवा सांबराचं मुंडकं आहे त्यांनी खरंच लक्ष देऊन वाचा. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेत्झ शहरात बेकूर नावाच्या माणसाने आर्सेनिकचा साबण बनवला होता. आर्सेनिक, कापूर, साबण, चुना असं मिश्रण कातड्याला आतून चोळायचं, कीड लागत नाही. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं जगभर हेच वापरलं, नंतर डीडीटी हे कीटकनाशकपण मारलं. म्हणून ते मुंडकं शंभर वर्षं टिकलंय, आणि म्हणूनच ते विषारी असू शकतं. शिवणीपाशी, डोळ्यांच्या कडेला पांढरी भुकटी दिसते का बघा, पण दिसली नाही म्हणजे नाही असं अजिबात नाही. उघड्या हाताने हात लावू नका, पोरांना लावू देऊ नका, हातमोजे आणि चांगला मास्क घाला, झटकू नका, घरातला साधा व्हॅक्युम क्लीनर फिरवू नका कारण तो भुकटी खोलीभर उडवतो.

आणि कायदा. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि कागद नसलेलं वाघाचं कातडं काय किंवा सांबराचं शिंग काय, "पणजोबांच्या काळातलं आहे" एवढ्यावर चालत नाही. मालकीचं प्रमाणपत्र लागतं. २००३ मध्ये सरकारने १८० दिवसांची मुदत देऊन असा जुना माल जाहीर करायची संधी दिली होती, बऱ्याच घरांत तेव्हा कोणाला पत्ताच नव्हता. प्रमाणपत्र असलं तरी विकता येत नाही. वारसाहक्काने आलं तर ९० दिवसांत वनखात्याकडे तसं जाहीर करावं लागतं. आणि २०२२ च्या दुरुस्तीने, ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे पण वस्तू ठेवायची नाही त्यांना ती स्वखुशीने जमा करायची सोय केलीय, पैसे मिळत नाहीत. ऑनलाइन अँटिक म्हणून असली शिंगं विकायला टाकणारे लोक मला दिसतात तेव्हा काळजी वाटते, कृपा करून तसं करू नका, आधी वनखात्याच्या ऑफिसात विचारा.

नवीन माउंट आपल्याकडे होत नाहीत असं नाही. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून टॅक्सिडर्मी सेंटर आहे, मुंबई व्हेटर्नरी कॉलेजमध्ये ॲनाटॉमी शिकवणाऱ्या डॉ. संतोष गायकवाड यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं. तिथे नैसर्गिकरीत्या मेलेले वाघ, बिबटे उभे केले जातात, अभ्यासासाठी, कोणाच्या हॉलसाठी नाही. मला विचाराल तर ही कला जिवंत राहायची हीच योग्य जागा आहे. प्राणी मारावा असं मला कधीच वाटलं नाही, पण पाच मीटरच्या अंतरावरून वाघाच्या पंजाची रुंदी बघितलेलं पोर आणि फक्त मोबाइलवर बघितलेलं पोर यांच्यात फरक पडतो, हे मी कॉलेजच्या म्युझियममध्ये शाळांच्या सहली येताना स्वतः बघितलंय.

भावाला शेवटी एवढंच सांगितलं की आधी शिंगांच्या बुडाशी केसांत बोटं घालून चाचप, चांगल्या कारागिराने केलं असेल तर तिथे जोड सापडेल, कारण एवढी रुंद शिंगं कुठल्याच दारातून जात नाहीत म्हणून मूजची शिंगं बरेचदा सुटी निघतील अशी बसवतात. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. जोड होता, आत बोल्ट होता. दोन्ही शिंगं काढून काकांनी स्वतः हातात धरली, मुंडकं तिघांनी मिळून खाली घेतलं, आणि आडवं करून दारातून बाहेर नेलं. काकांच्या नव्या फ्लॅटमध्ये त्याला जागा नव्हतीच, ते तिथल्या एका शाळेला दिलं.